अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींवरचा मराठी नोट्स-संच: जमीन-मजुरीचा हिशेब चोख, कारभाराचा भाग दुरुस्त करूनच वाचा

यूपीएससीला इतिहास हा वैकल्पिक विषय घेऊन मराठीतून पेपर लिहिणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांची अडचण जुनी आहे. दहावीपर्यंत शिक्षण मराठीतून, पुढं पदवी इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये, आणि जगाच्या इतिहासाची धड पुस्तकं बहुतेक इंग्रजीतच. बेळगावातल्याच एका स्पर्धा परीक्षा वर्गानं काढलेला हा संच नेमक्या त्याच मुलांसाठी आहे. खडेबाजार आणि कॉलेज रोडच्या झेरॉक्स दुकानांत तो मिळतो. चार भाग, स्पायरल बाइंडिंग, सोबत घडीचा नकाशा. १६०७ ते १७६३ एवढा काळ त्यात घेतलाय.

अभ्यासक्रमात नाव 'अमेरिकन क्रांती आणि राज्यघटना' असं आहे, त्यामुळं सतरावं शतक कशाला वाचायचं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण 'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' ही मागणी १७६५ साली आकाशातून पडली नाही. कर कुणी बसवायचा, गव्हर्नरचा पगार कुणी द्यायचा, यावरून त्याआधी दीडशे वर्षं ओढाताण चालली होती. ती कळली नाही तर क्रांतीवरचं उत्तर बोस्टनच्या समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्यांपाशीच सुरू होतं आणि तिथंच संपतं.

संचाचा दुसरा भाग, म्हणजे अर्थव्यवस्था, मराठीत याहून चांगला आमच्या पाहण्यात नाही. तिसरा भाग, कारभाराचा, आहे तसा पाठ केला तर मार्क जातील. पहिला आणि चौथा ठीक.

दुसऱ्या भागाचं बळ असं की लेखकानं व्हर्जिनियाची सुरुवात राजापासून न करता जमिनीपासून केलीय. जेम्सटाऊनला १६०७ च्या मे महिन्यात १०४ पुरुष आणि मुलगे उतरले. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीनं वसाहत जवळजवळ संपली, साठेक माणसं उरली. वसाहत काढणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीला सोनं सापडलं नाही. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फनं कॅरिबियन बेटांकडचं गोड जातीचं तंबाखूचं बी लावून पाहिलं आणि मग सगळं बदललं. इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळतं. पुढं लेखक 'हेडराइट' पद्धत प्रत्यक्ष हिशेब मांडून समजावतो, ते पान बघण्यासारखं आहे.

१६१८ पासून नियम असा की जो स्वतःच्या खर्चानं एक माणूस व्हर्जिनियात आणेल, त्याला त्या माणसामागं ५० एकर जमीन. एका माणसाचं जहाजाचं भाडं साधारण ६ पौंड. म्हणजे दहा नोकर आणले की ६० पौंड खर्च, ५०० एकर जमीन, शिवाय भाड्याच्या बदल्यात करारानं बांधलेल्या त्या दहा माणसांची चार ते सात वर्षांची मजुरी. जमिनीवरचा वार्षिक सारा ५० एकरांना एक शिलिंग, म्हणजे ५०० एकरांना दहा शिलिंग, अर्धा पौंड. एवढ्या चार ओळींत मोठे मळेवाले कसे तयार झाले हे डोळ्यांसमोर उभं राहतं. 'दक्षिणेत मोठे मळे होते' हे वाक्य सगळेच लिहितात. ते का होते, हे या पानावर आहे.

त्याच पानावर एक गोष्ट मात्र चुकलीय. 'मुदत संपल्यावर नोकरालाही ५० एकर मिळत' असं तिथं छापलंय. व्हर्जिनियात ५० एकरांचा हक्क आणणाऱ्याचा होता, येणाऱ्याचा नाही. मुदत संपली की नोकराला कपडे, मका, कधी अवजारं एवढंच मिळायचं. नोकराला जमिनीचा हक्क होता तो मेरीलँडमध्ये, तोही १६८१ पर्यंत, आणि मोजणीचा व कागदपत्रांचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. ही चूक किरकोळ नाही. मुदत संपलेली, हातात बंदूक असलेली, जमीन नसलेली माणसं कुठून आली हेच त्यामुळं झाकलं जातं, आणि पुढं व्हर्जिनियातलं १६७६ चं बंड समजत नाही. हेडराइटमध्ये लबाडीही भरपूर व्हायची. एकाच माणसाबद्दल जहाजाचा कप्तान, व्यापारी आणि मळेवाला असे तिघंही ५०-५० एकर मागायचे. हे संचात नाही, समासात लिहून ठेवा.

तंबाखूच्या पिकाचं वर्णन निपाणी-चिकोडीच्या मुलांना वेगळं शिकवायला नको. वाफ्यात बी टाकायचं, रोपं लावायची, शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे, हे सगळं व्हर्जिनियातही तसंच होतं. फरक वाळवण्यात. आपल्याकडचा बिडीचा तंबाखू उन्हात वाळतो. व्हर्जिनियात ताटं काठ्यांना अडकवून कोठारात टांगायचे आणि वाऱ्यावर कित्येक आठवडे वाळवायचे. मग हवेतल्या ओलाव्यानं पान नरम झालं की उतरवून मोठ्या लाकडी पिंपांत दाबून भरायचे. पान जास्त कोरडं असेल तर भरताना चुरा होतो, जास्त ओलं असेल तर जहाजात कुजतं. अठराव्या शतकात असं एक पिंप हजार पौंडांच्या आसपास वजनाचं असे. वखारीत काम केलेल्या कुणालाही ही अडचण एका वाक्यात कळते, आणि लेखकानं तेच ओळखून हा भाग लिहिलाय.

यापुढचा दुवा मात्र लेखकानं अर्धाच सांगितलाय, तो पूर्ण करून घ्या. एक माणूस हातानं तंबाखूचे दोन-तीन एकरच सांभाळू शकतो. तीन-चार पिकांत जमिनीचा कस जातो आणि मग ती वीसेक वर्षं पडीक ठेवावी लागते. म्हणून एका मजुरामागं तंबाखूचे तीन एकर असले तरी हाताशी जमीन वीस एकर लागते, आणि मक्याची, जळणाची, गुरांची धरली तर त्याहून जास्त. हेडराइटचे ५० एकर इथं लागू पडतात. वसाहत सतत पश्चिमेकडं का सरकत होती आणि तिथल्या मूळ रहिवासी पाव्हटन लोकांशी झगडा का थांबत नव्हता, याचं उत्तर या पडीक जमिनीत आहे. २२ मार्च १६२२ च्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले. संचात हा आकडा आहे, कारण नाही. हल्ला 'अचानक' झाला असं लिहिलंय. पंधरा वर्षं एकेक नदीकाठ हातातून जात असताना झालेला हल्ला अचानक कसा म्हणायचा?

भावाचा भाग चांगला. १६२० च्या दशकाच्या सुरुवातीला पौंडभर तंबाखूला शिलिंगांत भाव होता, १६३० च्या सुमारास तो पेनीवर (शिलिंगाचा बारावा भाग) आला. कारण साधं, सगळ्यांनी तेच पीक लावलं. मग १६६० च्या नौकानयन कायद्यानं तंबाखू, साखर, कापूस, नीळ हा माल इंग्लंड किंवा इंग्लंडच्या वसाहतींखेरीज दुसरीकडं नेता येणार नाही असं ठरवलं. डच व्यापारी बाहेर गेले आणि गिऱ्हाईक एकच उरलं. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत झालेलं आंदोलन घरात ऐकलेल्या मुलांनी हे प्रकरण सावकाश वाचावं. उत्पादकाला भाव ठरवता येत नाही तेव्हा राजकारण कुठं जातं, हे त्यांना आधीपासून माहीत आहे.

पैशांवरचं पानही उत्तम. वसाहतीत नाणं कमी, म्हणून व्हर्जिनियात पगार, दंड, चर्चचा कर सगळं पौंडभर-पौंडभर तंबाखूत मोजायचे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६६१ पर्यंत शिंपल्याच्या मण्यांच्या माळा कायदेशीर चलन होत्या. १६५२ पासून बोस्टनची टांकसाळ सुरू झाली, आणि १६९० ला त्यांनी कागदी नोटा काढल्या. वाईट तंबाखू कराला आणि चांगला बाजाराला, हा प्रकार थांबवायला व्हर्जिनियानं १७३० ला सरकारी तपासणीच्या वखारी काढल्या. तपासलेल्या मालाची पावतीच पुढं पैशासारखी फिरू लागली.

गुलामगिरीवरची पानं तपशिलानं बरी, पण क्रम घाईत लावलाय. १६१९ च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला 'वीस आणि काही' आफ्रिकन माणसं उतरवली गेली, आणि संच लगेच पुढच्या ओळीत 'तेव्हापासून गुलामगिरी सुरू' असं लिहितो. पुढची साठ वर्षं मळ्यांवर बहुसंख्य मजूर इंग्रज करारबद्ध नोकरच होते. गुलामगिरी कायद्यानं एकेक वीट रचत उभी केली. १६६२ ला व्हर्जिनियानं ठरवलं की मुलाचा दर्जा आईवर जाईल. इंग्रजी कायद्यात तो बापावर जायचा. या एका उलटफेरानं मालकापासून झालेलं मूलही मालकाची मालमत्ता झालं. १६६७ ला बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही असं ठरलं. १७०५ ला सगळे नियम एकत्र करून संहिता झाली. मधल्या काळात इंग्लंडात मजुरी वाढली, करारावर येणारी माणसं घटली, आणि १६९८ ला रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी सुटल्यावर गुलामांचा व्यापार सगळ्या इंग्रज व्यापाऱ्यांना खुला झाला. परीक्षेत 'करारबद्ध मजुरीकडून गुलामगिरीकडं' असा प्रश्न आला तर या क्रमानं लिहा.

कॅरिबियन बेटं पूर्ण गाळलीत, ही मोठी उणीव. बार्बाडोसला १६२७ ला वस्ती झाली, १६४० च्या दशकात साखर आली, १६६१ ला गुलामांचा कायदा झाला. साउथ कॅरोलायना वसवायला तिथलेच मळेवाले आले, येताना माणसं आणि तो कायदा घेऊन. १७०८ च्या सुमारास साउथ कॅरोलायनात काळ्या माणसांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली होती. बार्बाडोस वगळलं तर साउथ कॅरोलायनातला भात कुणाच्या पाठीवर पिकला ते सांगता येत नाही.

आता तिसरा भाग. इथं पेन्सिल हातात घेऊनच बसा.

तक्त्यात तेरा वसाहतींपुढं 'राजाची' (गव्हर्नर राजा नेमायचा), 'मालकाची' (राजानं एखाद्या माणसाला किंवा घराण्याला दिलेली), 'सनदेची' (राजाच्या सनदेवर स्वतःचा कारभार बघणारी) असे शिक्के मारलेत, जणू तो दर्जा कायमचा होता. तो बदलत होता, आणि बदलाचं वर्ष हाच मुद्दा असतो. व्हर्जिनिया १६०६ च्या सनदेनं कंपनीची, १६२४ ला राजाकडं. मेरीलँड १६३२ ला बाल्टिमोर घराण्याकडं, १६९१ ला राजाकडं, १७१५ ला परत घराण्याकडं. न्यूयॉर्क १६६४ ला राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याचं, तोच १६८५ ला राजा झाला म्हणून राजाचं. जॉर्जिया १७३२ च्या सनदेनं विश्वस्तांची, १७५२ पासून राजाची. मॅसॅच्युसेट्सची १६२९ ची सनद १६८४ ला रद्द झाली, १६८६ ते ८९ न्यू इंग्लंड (ईशान्येकडच्या वसाहती) एकत्र करून राजानं नेमलेल्या गव्हर्नर अँड्रॉसच्या ताब्यात, मग १६९१ ला नवी सनद, पण गव्हर्नर राजानं नेमलेला. तक्त्यात मॅसॅच्युसेट्स शेवटपर्यंत 'सनदेची' धरलीय, ते खोडा. १७७५ ची स्थिती पाठ करायची असेल तर आठ राजाच्या, तीन मालकांच्या (पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड) आणि दोनच सनदेच्या, कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड. या दोनच ठिकाणी गव्हर्नर लोकांनी निवडलेला असे.

दुसरी चूक प्लिमथ आणि मॅसॅच्युसेट्स बे एकच समजण्याची. प्लिमथला १६२० साली मेफ्लॉवर जहाजावरून १०२ प्रवासी आले, पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे गेले. ती वसाहत शेवटपर्यंत छोटी राहिली, राजाची सनद तिला कधीच मिळाली नाही, आणि १६९१ ला ती मॅसॅच्युसेट्सात विलीन झाली. मॅसॅच्युसेट्स बे वेगळी: १६३० ला गव्हर्नर जॉन विन्थ्रॉपबरोबर अकरा जहाजं, आणि कंपनीची सनद लंडनला न ठेवता सोबत आणलेली. त्यामुळं भागधारकांची सभाच वसाहतीचं विधिमंडळ झाली. न्यू इंग्लंडच्या कारभाराची किल्ली या कागदात आहे, आणि संचात त्यावर दोनच ओळी आहेत. १६३१ ला मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता ठेवला, १६३४ पासून गावांचे प्रतिनिधी आले, १६४४ ला दोन सभागृहं झाली. १६९१ च्या सनदेनं चर्चची अट जाऊन मालमत्तेची आली.

मेफ्लॉवर कराराला संच 'पहिली राज्यघटना' म्हणतो. ४१ पुरुषांनी सही केलेला तो एका परिच्छेदाचा करार. कारण अगदी व्यवहारी होतं. जहाज व्हर्जिनिया कंपनीच्या हद्दीबाहेर लागलं, म्हणून हातातला परवाना इथं लागू नाही असं काही जण बोलू लागले, तेव्हा सगळ्यांनी मिळून नियम करू आणि पाळू असं लिहून घेतलं. त्यात ना खाती आहेत ना अधिकारांची वाटणी. कारभाराची रचना लिहून काढलेला दाखला हवा असेल तर कनेक्टिकटचे १६३९ चे मूलभूत आदेश द्या.

३० जुलै १६१९ ला जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये पहिली सभा भरली, ११ वस्त्यांचे २२ प्रतिनिधी, हे संचात बरोबर आहे. पण 'लोकशाहीचा उदय' म्हणून तिथंच थांबू नका. गव्हर्नर बर्क्लीनं १६६२ ते १६७६ नवी निवडणूकच घेतली नाही. १६७० ला मत फक्त जमीनधारकांना ठेवलं. तंबाखूला भाव नाही, कर डोईवर, सीमेवरच्या जमिनीसाठी आदिवासींवर चाल करायला परवानगी नाही, आणि कातड्याचा व्यापार गव्हर्नरच्या माणसांकडं. १६७६ ला नॅथॅनिएल बेकनच्या बंडात सप्टेंबरमध्ये जेम्सटाऊन जळालं. संचात याचं कारण एकच, 'जास्त कर'. वरची सगळी कारणं जोडा, आणि बंडवाल्यांचा रोख आदिवासींवरही तितकाच होता हे टाळू नका.

विधिमंडळाची खरी ताकद पैशांत होती. बऱ्याच राजवसाहतींत गव्हर्नरला नेमायचा राजा, पण पगार मंजूर करायची सभा, तोही वर्षाच्या बोलीनं. हा मुद्दा संचात चौथ्या भागाच्या तळटिपेत पडलाय. तो वर काढून क्रांतीच्या उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात घाला.

मॅसॅच्युसेट्समधल्या सालेमच्या १६९२ च्या खटल्यांत 'चेटकिणींना जाळलं' असं छापलंय. जाळलं कुणालाच नाही. १९ जणांना फाशी दिली, एकाला दगडांखाली दाबून मारलं. तारखांचाही घोळ आहे: १७५२ पर्यंत इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं आणि पंचांग सतराव्या शतकात दहा दिवस मागं होतं. म्हणून मेफ्लॉवर कराराची तारीख एका पानावर ११ नोव्हेंबर, दुसऱ्यावर २१. दोन्ही बरोबर, पण उत्तरात एकच पद्धत धरा.

चौथ्या भागात आपल्या मुलांनी चुकवू नये असं एक पान आहे. सर थॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, आणि १६०९ ते १६१९ व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदारही तोच. लंडनचे तेच पैसेवाले दोन्हीकडं होते. मग कारवार, राजापूर, हुबळीला नुसत्या वखारी का झाल्या आणि व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी गावं का वसली? लेखकाचं उत्तर पटण्यासारखं आहे. इथं मिरी आणि कापड तयार मिळत होतं, विणकर होते, सावकार होते, आणि जमीन मागायची तर आदिलशाहीची किंवा मराठ्यांची फौज समोर होती. तिथं विकायला तयार माल नव्हता, म्हणून पिकवणारी माणसं न्यावी लागली. रोगराईनं मूळ रहिवासी आधीच खचले होते. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर १६१६ ते १६१९ च्या साथीनं गावंच्या गावं ओस पडली होती. तुलनात्मक प्रश्नाला हे पान सोनं आहे.

न्यू इंग्लंडच्या गावांवर मात्र फारच थोडं लिहिलंय. तिथं जमीन माणसाला नाही, गावाला मिळायची. गाव ती घरांना वाटायचं आणि गायरान राखायचं. मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या कायद्यानं ५० घरांच्या गावाला शिक्षक आणि १०० घरांच्या गावाला ग्रामर स्कूल ठेवणं भाग होतं. व्हर्जिनियाशी फरक दाखवायला एवढा मजकूर पुरतो, तो वहीत स्वतः वाढवून घ्या.

घेताना दोन गोष्टी बघा. नकाशा झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून काढलेला असतो, त्यात डेलावेअर आणि न्यू जर्सीच्या सीमा पुसल्यात. दुकानदाराकडं मूळ फाइल असते, तिच्यावरून प्रिंट मागा. आणि तिसऱ्या भागाचा तो तक्ता दोन पानांवर आडवा आहे. बाइंडिंगच्या भोकांत वर्षांचा रकाना जातो, म्हणून पंच करायच्या आधी डावीकडं जागा सोडायला सांगा.